बाबासाहेबांच्या राजकारणात ड्यूई नेमके कुठे दिसतात?

आडवाट
तत्त्वज्ञ आणि राजकारण हा विषय निघाला की चर्चा हमखास दोनपैकी एका टोकाला जाऊन बसते. एक म्हणते, विचार आधी येतो आणि राजकारण ही त्याची अंमलबजावणी. दुसरे म्हणते, राजकारण गरजेतून उभे राहते आणि विचार मागाहून चिकटवला जातो. असे हवेत भांडण्यापेक्षा एकच प्रकरण घेऊन ते कागदपत्रांवर तपासावे, असे मला वाटते.

प्रकरण डॉ. आंबेडकर आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्यूईंचे वर्ग त्यांनी केले. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या लाहोरसाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या भाषणात ते ड्यूईंचा उल्लेख 'माझे गुरू, ज्यांचे माझ्यावर फार ऋण आहे' असा करतात. १ जून १९५२ रोजी ड्यूई वारले. कोलंबियाची मानद पदवी घ्यायला बाबासाहेब त्याच सुमारास न्यूयॉर्ककडे निघाले होते. आपले सगळे बौद्धिक आयुष्य ड्यूईंचे देणे लागते, असे त्यांनी त्या वेळी पत्नी माईसाहेबांना पत्रात लिहिले.

ऋण होते यात शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. या विचाराने महाडला, लाहोरच्या भाषणात, घटना समितीत एखादी कृती बदलली का? की चळवळ आपल्या वाटेने गेली असती आणि ड्यूई फक्त अवतरणांत राहिले असते? कृपया ग्रंथ, कलम, तारीख देऊन लिहा. 'प्रभाव होताच' आणि 'प्रभाव नव्हताच' एवढ्याने काही हाती लागत नाही.

पैलतीर
उत्तम विषय. वाचतोय.

समांतर
सर्वात सोपी तपासणी म्हणजे दोन पुस्तके शेजारी ठेवायची. एक 'जातिसंस्थेचे निर्मूलन', मूळ इंग्रजी, महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेचा खंड १. दुसरे ड्यूईंचे 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' (१९१६), त्यातही प्रकरणे २, ७ आणि ९. जुळणाऱ्या ओळी लगेच सापडतात. पण खरी माहिती मिळते ती जिथे ओळी जुळत नाहीत तिथे.

पहिली जागा भाषणाचे कलम १४. ड्यूईंच्या सातव्या प्रकरणात आहे की लोकशाही हा केवळ शासनप्रकार नाही, ती मुळात एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांपर्यंत पोचवत वाटून घेण्याची रीत आहे. बाबासाहेब हे वाक्य जवळजवळ तसेच घेतात आणि पुढे एक वाक्य जोडतात: ती मूलतः आपल्या सोबतच्या माणसांविषयीच्या आदराची वृत्ती आहे. हे शेवटचे वाक्य ड्यूईंच्या त्या जागी नाही. ड्यूईंचा भर देवाणघेवाणीवर आहे. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानतात त्याच्याशी देवाणघेवाण सुरूच होत नाही; तिथे आदर ही आधीची अट ठरते. म्हणून ते वाक्य तिथे आले, असे माझे मत.

दुसरी जागा कलम ४. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे सगळ्यांना पाठ असते. त्याच कलमात ड्यूईंच्या नवव्या प्रकरणातला एक परिच्छेद येतो. माणसाची क्षमता इतकी वाढवली पाहिजे की त्याला आपला व्यवसाय स्वतः निवडता यावा, असे ड्यूई म्हणतात आणि ही मागणी 'लोकशाहीच्या निकषा'ची म्हणून मांडतात. बाबासाहेब 'लोकशाहीचा निकष' काढून 'सामाजिक व वैयक्तिक कार्यक्षमता' घालतात. ड्यूई पुढे म्हणतात, आईवडिलांची संपत्ती किंवा सामाजिक दर्जा पाहून कामे आधीच नेमून दिली की हे तत्त्व मोडते. बाबासाहेबांच्या वाक्यातून 'संपत्ती' गळते, 'सामाजिक दर्जा' तेवढा राहतो आणि कर्त्याच्या जागी 'जातिव्यवस्था' येते.

तिसरी जागा कलम २५, जिथे नाव घेऊन उद्धृत केले आहे. समाजाने आपला सगळा वारसा जपायचा नसतो, चांगल्या भविष्याला उपयोगी पडेल तेवढाच पुढच्या पिढीकडे द्यायचा असतो, अशा अर्थाचा तो उतारा ड्यूईंच्या दुसऱ्या प्रकरणातला आहे.

एक सूचना. असे ताडून पाहताना लोक फक्त साम्य मोजतात आणि 'एवढ्या ओळी घेतल्या' म्हणून थांबतात. तेवढ्यावर थांबलात तर ड्यूईंचे ग्रंथ वाचल्याचे सिद्ध होते, आंबेडकर वाचल्याचे नाही.

कोरी पाटी
कलम ४ आणि १४ मध्ये ड्यूईंचे नाव नाही ना? मग त्याला आज आपण काय म्हणू?

समांतर
@कोरी पाटी, ते भाषण होते, प्रबंध नव्हता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनात वाचायला लिहिलेले. कलम २३ मध्ये नियम आणि तत्त्वे यांतला जो भेद येतो, तोही ड्यूई आणि टफ्ट्स यांच्या १९०८च्या नीतिशास्त्राच्या पुस्तकातला आहे आणि तिथेही नाव नाही. शेवटाकडे गुरूचे नाव ऋणासह येते. तेवढ्यावरून चोरीचा मुद्दा करण्यात मला अर्थ दिसत नाही. लेखक कुठला शब्द बदलतो, इकडे लक्ष दिले तर जास्त हाती लागते.

लाल दिवा
'संपत्ती' गळते याकडे एवढ्या सहज बघू नका. ड्यूईंच्या वाक्यात वर्ग आणि दर्जा दोन्ही होते. बाबासाहेबांनी त्यातला वर्ग काढला. हा विचाराचा राजकीय वापर आहे आणि वापरात तो अरुंद झाला. तत्त्वज्ञान राजकारणात उतरले की असेच कापले जाते, हा माझा मुद्दा.

खारेपाट
@लाल दिवा, तारखा बघा. भाषण छापून आले मे १९३६ मध्ये. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला ऑगस्ट १९३६ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांनी. खोती (कोकणातली जमीनदारी) नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधानसभेत मांडले सप्टेंबर १९३७ मध्ये. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबर होते. संपत्तीचा प्रश्न ज्यांना नकोसा आहे त्यांची ही तीन वर्षे अशी जात नाहीत.

मग वाक्यातून तो शब्द का गेला? कारण श्रोता. लाहोरच्या मंडपात बसणार होते जातीविरुद्ध बोलणारे सवर्ण सुधारक, आणि त्याच भाषणाच्या तिसऱ्या कलमात ते समाजवाद्यांना विचारतात की जातीचा राक्षस ओलांडल्याशिवाय आर्थिक क्रांतीला माणसे एकत्र येणार कशी. त्या मंडपात 'संपत्ती' शब्द ठेवला असता तर ऐकणाऱ्याला पळवाट मिळाली असती: गरिबी हटली की जात आपोआप जाईल.

लाल दिवा
श्रोत्याचा मुद्दा मान्य. पण मग ड्यूईंचे वाक्य श्रोता बघून वळवले, हेही मान्य करा.

खारेपाट
करतोच. राजकारणात बोलणारा माणूस ते करणारच. अर्थ वाकडा केला का, एवढे तपासायचे. नाही केला.

निळाई
या धाग्याची मांडणीच मला खटकते. साठेक अभ्यासक्रमांपैकी अर्थशास्त्राचे २९ आणि तत्त्वज्ञानाचे ५, ही कोलंबियातली नोंद सगळीकडे छापलेली आहे. तरी प्रत्येक चर्चेत ड्यूई पुढे आणि जोतीराव मागे. बाबासाहेबांनी स्वतः आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर, फुले. 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ १९४६ मध्ये जोतीरावांना अर्पण केला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर त्यांनी स्पष्ट सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेले नाही, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे.

'मूकनायक'चा ३१ जानेवारी १९२०चा पहिला अंक घ्या. हिंदू समाज म्हणजे मनोरा, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मनोऱ्याला शिडी नाही. हे अमेरिकेत बसलेल्या कुणाला सुचले नसते. ड्यूईंना विषमता माहीत होती, पण खालच्याने आणखी खालच्याला तुडवावे अशी उतरंड त्यांच्या सिद्धान्तात नाही. चळवळीला दृष्टी मिळाली ती इथल्या अनुभवातून आणि सत्यशोधकांच्या परंपरेतून.

समांतर
@निळाई, मनोऱ्याच्या उताऱ्यात ड्यूई नाहीत याच्याशी सहमत. पण कलम १४ मधले आदर्श समाजाचे वर्णन त्याच्याशेजारी ठेवून बघा. समाज हालता असावा, एका भागात झालेला बदल दुसऱ्या भागांपर्यंत नेणाऱ्या वाटा त्यात असाव्यात. मनोऱ्यात नेमकी तीच वाट नाही, हे १९२० साली मराठीत सांगून झाले होते. म्हणजे रोग इथल्या अनुभवाने ओळखला आणि निरोगी शरीर कसे असावे याचे वर्णन ड्यूईंच्या भाषेत केले. दोन्ही लागले.

फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल एक भर. २५ डिसेंबर १९२७ला महाडच्या परिषदेत त्यांनी स्वतःच त्या सभेची तुलना १७८९च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. त्यामुळे १९५४चे वाक्य आपण १९२७वर लावताना जपून.

निळाई
तुलना करणे आणि तत्त्व उसने घेणे वेगळे. श्रोत्यांना मोठेपणा पटावा म्हणून उदाहरण दिले. तुम्हीच वर म्हणालात ना, श्रोता बघावा लागतो. (ते खारेपाट म्हणाले, पण तुमचा सूर तोच आहे.)

गवाक्ष
आतापर्यंत ड्यूईंच्या स्वतःच्या राजकारणाबद्दल कुणी बोलले नाही. ते सोडले तर मूळ प्रश्न अर्धाच राहतो.

ड्यूईंनी १९१६ साली बळ या विषयावर दोन लेख लिहिले, जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये एक. बाबासाहेब तेव्हा कोलंबियातच होते. लेखांचा गाभा असा: बळ स्वतः चांगलेही नसते, वाईटही नसते. काम करून घेण्याची शक्ती म्हणून ते ऊर्जा असते. तेच साध्य सोडून भरकटले, नासधूस करू लागले, की हिंसा होते. बळ वापरावे की नाही असा सरसकट प्रश्न विचारायचा नाही. या बळाने हेतू कमीत कमी खर्चात साधतो का, हे विचारायचे.

या युक्तिवादाचे पुढे काय झाले? १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि ड्यूईंनी पाठिंबा दिला. त्यांचाच कोलंबियातला विद्यार्थी रँडॉल्फ बोर्न याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर जळजळीत लेख लिहिला. त्याचा आक्षेप होता की ही विचारपद्धती साधने जुळवण्यात तरबेज आहे, पण साध्य आयते आले की ते तपासतच नाही. सरकारने 'लोकशाहीसाठी युद्ध' असे साध्य हातात दिले आणि तत्त्वज्ञ साधनांचा हिशेब करत बसला. त्याच ऑक्टोबरमध्ये युद्धविरोधी प्राध्यापकांना कोलंबियाने काढले म्हणून इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. ड्यूईंनी निषेध केला, पण विद्यापीठात राहिले. पुढे १९२०च्या दशकात ते युद्धच बेकायदा ठरवावे या चळवळीत शिरले.

आता विद्यार्थ्याकडे या. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात (खंड ३) बाबासाहेब तोच भेद ड्यूईंचे नाव घेऊन वापरतात: ऊर्जा म्हणून बळ आणि हिंसा म्हणून बळ. साध्याशिवाय साधनाचे समर्थन आणखी कशाने होणार, असेही विचारतात. पण ते हा भेद बुद्धाच्या अहिंसेशेजारी ठेवतात. बुद्ध हिंसेविरुद्ध होता, न्यायाच्या बाजूने होता आणि न्यायासाठी गरज पडेल तिथे बळाला त्याची परवानगी होती, अशी ती मांडणी. बोर्नने दाखवलेले भोक इथे बुजते. साध्य सरकारकडून आयते येत नाही, ते धम्मातून येते आणि साधनांचा हिशेब त्याच्या कह्यात राहतो. ड्यूईंना १९१७ मध्ये जे कमी पडले ते बाबासाहेबांनी दुसऱ्या गुरूकडून आणले, असे मी मानतो. @निळाई, या बाबतीत तुमचे म्हणणे मला पटते.

आडवाट
@गवाक्ष, हे फार मोलाचे. ऊर्जा आणि हिंसा हा भेद त्या निबंधाच्या आधीच्या एखाद्या कृतीत दिसतो का?

गांधारी
महाड. क्रमाने लिहिते, कारण हा क्रम विसरला की डिसेंबर १९२७चा निर्णय लोकांना माघार वाटतो.

ऑगस्ट १९२३: सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर. जानेवारी १९२४: त्याला धरून महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पाणी मात्र कुणी भरू शकले नाही. २० मार्च १९२७: परिषदेचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून त्यांना मारहाण झाली. उलट मारायला माणसे तयार होती, बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ऑगस्ट १९२७: नगरपालिकेने १९२४चा ठराव मागे घेतला. १२ डिसेंबरला तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात दाखल झाला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला परिषद भरली. त्याच रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली.

आता तळ्यावर जायचे की नाही? हजारो लोक जमले होते, तुरुंगात जायला तयार होते. कलेक्टरने येऊन कोर्टाचा हुकूम समजावला. चर्चेअंती सत्याग्रह पुढे ढकलला, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता लोक परतले.

हिशेब असा होता. विरोधक होते गावातले सनातनी. हुकूम मोडला असता तर सरकारही विरोधक झाले असते. दावा तर लढता येण्यासारखा होता, कारण तळे खासगी असल्याचा आणि बहिष्काराची प्रथा अनादी काळापासूनची असल्याचा पुरावा समोरच्याला द्यावा लागणार होता. तो त्यांना देता आला नाही. १७ मार्च १९३७ला उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांच्या निकालाने अस्पृश्यांची बाजू टिकली. दहा वर्षे लागली. म्हणजे डिसेंबरमध्ये बळ होते, ते मिरवणुकीत दाखवले, मनुस्मृतीच्या दहनात दाखवले, आणि जिथे ते स्वतःच्याच हेतूवर उलटले असते तिथे आवरले. वर गवाक्षांनी सांगितलेला भेद याहून स्पष्ट कुठे मिळणार?

निळाई
क्रम सुरेख मांडलात. तरी विचारते: हा निर्णय घ्यायला ड्यूई वाचावे लागतात का? बॅरिस्टर होते ते. मनाई हुकमाचा अर्थ त्यांना कळत होता.

गांधारी
वकिलाला हुकूम पाळायचा हे कळते. हुकूम पाळूनही त्याच आठवड्यात मनुस्मृती जाळायची, हे वकिली शिक्षणातून येत नाही. एकीकडे कायद्याची संस्था राखायची, दुसरीकडे शास्त्राचे प्रामाण्य जाळायचे. त्यात नियम आणि तत्त्व यांचा तो कलम २३मधला भेद मला दिसतो: आंधळेपणाने पाळायचे नियम फेकायचे, न्याय करण्याची पद्धत देणारे तत्त्व ठेवायचे. पुरावा नाही, वाचन आहे. पटले तर घ्या.

उत्तररात्र
थोडे अवांतर. उलटे उदाहरणही लक्षात असावे. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर २१ एप्रिल १९३३ला फ्रायबुर्ग विद्यापीठाचे रेक्टर झाले, १ मे रोजी नाझी पक्षात गेले. पुढच्या एप्रिलमध्ये रेक्टरपद सोडले, पक्षाचे सदस्यत्व मात्र १९४५पर्यंत राहिले. विसाव्या शतकातल्या सर्वात खोल तत्त्वज्ञांत त्यांची गणना होते. खोल विचार आणि शहाणे राजकारण यांचा संबंध आपोआप जुळत नाही. ड्यूई निदान आपली चूक ओळखून वाट बदलत होते. १९३७ साली, वयाच्या ७७व्या वर्षी, रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीवरचे मॉस्कोचे आरोप तपासायला मेक्सिकोत गेले आणि कोयोआकानला तेरा बैठका घेऊन साक्षी नोंदवल्या.

लाल दिवा
ट्रॉट्स्कीचे नाव निघाले म्हणजे आता मी दोन पाने लिहिणार... नको. हायडेगरसाठी वेगळा धागा काढा, तिकडे येतो.

सनदी
मला कलम २४वर बोलायचे आहे, कारण तिथे तत्त्वज्ञान थेट नियमावलीच्या रूपात उतरते आणि त्यावर फारसे कुणी लिहीत नाही.

बाबासाहेब हिंदू धर्माच्या सुधारणेसाठी पाच गोष्टी सुचवतात. सर्वांना मान्य असा एकच प्रमाणग्रंथ. पुरोहितपद बंद करावे, ते जमत नसेल तर निदान वंशपरंपरा बंद. हिंदू म्हणवणाऱ्या कुणालाही सरकारी परीक्षा देऊन सनद घेता यावी. सनद नसलेल्याने केलेला विधी कायद्याने ग्राह्य नाही आणि तसा विधी करणे दंडनीय. पुरोहित हा सरकारचा नोकर, शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र. आणि पुरोहितांची संख्या कायद्याने ठरवलेली, आय.सी.एस. अधिकाऱ्यांची असते तशी. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना आपली लायकी दाखवावी लागते, मग पुरोहिताला का नाही, असा तर्क.

हे ड्यूईंच्या वळणाचेच आहे. सवय उपदेशाने बदलत नाही, ती ज्या संस्थेने घडते ती संस्था बदलावी लागते. पण यात गडबड कुठे होईल तेही बघा. प्रमाणग्रंथ ठरवणार कोण? सरकार. परीक्षेचा अभ्यासक्रम कोणाचा? सरकारचा. सरकार ज्यांच्या हातात, धर्म त्यांच्या हातात. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत म्हणायचे आणि श्रद्धेवर खातेनिहाय चौकशी बसवायची, हे एकमेकांत बसत नाही. पुढे घटनेत कलम २५ने धर्मस्वातंत्र्य दिले आणि त्यातच सामाजिक सुधारणेचे कायदे करण्याची व सर्व वर्गांना देवळे खुली करण्याची सोय ठेवली. ती वाट जास्त शहाणी आहे. १९३६ची सनद राज्यघटनेत आली नाही, हे बरे झाले असे माझे ठाम मत.

खारेपाट
@सनदी, सनदेची गरज कशामुळे होती ते विसरू नका. वंशपरंपरेने मिळणारी मक्तेदारी मोडायला १९३६ मध्ये दुसरा कुठला कायदेशीर हात उपलब्ध होता? पाच मुद्द्यांत मला दुसरा, वंशपरंपरा बंद करण्याचा, महत्त्वाचा वाटतो आणि तो आजही तितकाच लागू आहे. चौथ्याबद्दल, पुरोहिताला सरकारचा नोकर करण्याबद्दल, तुमच्याशी सहमत.

पैलतीर
त्या भाषणाची किंमत आठ आणे होती आणि गांधीजींनी 'हरिजन'मध्ये दोन किंवा फार तर चार आणे करा असे सुचवले होते, हे यानिमित्ताने आठवले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती आठ आण्यांनाच दोन महिन्यांत संपल्या. मंडळाने अधिवेशन रद्द केले म्हणून स्वखर्चाने छापलेल्या भाषणाच्या.

गवाक्ष
घटना समितीकडे येऊ. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेब म्हणतात की आता घटनात्मक मार्ग उपलब्ध आहेत, तेव्हा सत्याग्रह आणि कायदेभंग सोडले पाहिजेत. ते अराजकाचे व्याकरण आहे. लोक विचारतात, मग महाडचे काय? गांधारींनी दिलेल्या क्रमातच उत्तर आहे. मार्ग बंद असताना सत्याग्रह, कोर्टाचा मार्ग उघडताच मनाई हुकूम पाळणे. १९४९मध्ये नवे काही सांगितले नाही, १९२७चा हिशेब तोच ठेवला.

त्याच भाषणात विसंगतीचे वाक्य आहे: २६ जानेवारी १९५०पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक आयुष्यात विषमता. शासनप्रकार मिळाला, एकत्र जगण्याची रीत मिळाली नाही, असा हा सरळ १९३६च्या भाषणातल्या कलम १४चा धागा. उद्देशिकेत 'बंधुता' कशी आली तेही पाहा. नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात ती नव्हती. फेब्रुवारी १९४८च्या मसुद्यात ती मसुदा समितीने घातली. समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. आणि कलम १४मध्ये बारा वर्षे आधी लिहून ठेवले होते की बंधुता हे लोकशाहीचेच दुसरे नाव आहे.

@आडवाट, 'कृती बदलली का' या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडचा सर्वात पक्का पुरावा हाच. घटनेतला एक शब्द.

लाल दिवा
फाळणीनंतरच्या दंगलींमुळे आली बंधुता. समितीने तेव्हा बंधुभावाची गरज कधी नव्हे एवढी आहे असेच कारण दिले होते.

गवाक्ष
प्रसंग फाळणीचा, बरोबर. पण दंगलींनंतर 'शांतता' सुचू शकते, 'एकात्मता' सुचू शकते. बंधुताच सुचायला ती आधीपासून डोक्यात असावी लागते.

आडवाट
सगळ्यांचे आभार. एक शंका उरली. १९३६ आणि १९४८ ही प्रौढ राजकारणाची वर्षे. विचार मागाहून चिकटवला असे म्हणणारा याला 'मागाहून'च म्हणेल. चळवळ सुरू होण्याच्या आधीचे काही आहे?

समांतर
आहे. साउथबरो समितीपुढचे (ब्रिटिश सरकारची मताधिकार समिती) निवेदन, जानेवारी १९१९. खंड १मध्येच मिळेल. 'मूकनायक'च्या एक वर्ष आधीचे, महाडच्या आठ वर्षे आधीचे, वय २७. संघटना नाही, पक्ष नाही, वृत्तपत्र नाही. आणि त्यात मताधिकाराचा प्रश्न ड्यूईंच्या भाषेत मांडलेला आहे: माणसे समान गोष्टींमुळे समाज बनतात, गटागटांत बंद राहिलेली मने देवाणघेवाणीने मोकळी होतात आणि ही देवाणघेवाण नसेल तिथे गट आपापल्या चौकटीतून मत देतात. 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. राजकीय आयुष्यातल्या पहिल्याच कागदात हे आहे. मागाहून चिकटवायला मागे काही नव्हतेच.

निळाई
हे निवेदन मीही वाचले आहे आणि कालक्रमाचा मुद्दा मला मान्य करावाच लागतो. पण तिथेच थांबू नका, मागणीपर्यंत वाचा. ड्यूईंच्या आधारावरून निष्कर्ष काढायचा तर तो असा निघाला असता की गट मिसळू द्या, शिक्षण द्या, वेळ द्या. बाबासाहेबांनी मागितले अस्पृश्यांसाठी मताधिकाराची खालची पात्रता आणि स्वतंत्र मतदारसंघ. कारणही दिले: नुसते मतदार असून भागत नाही, कायदे करणारे व्हावे लागते, नाहीतर जे कायदे करू शकतात ते नुसत्या मतदारांचे धनी होतात. ड्यूईंच्या कुठल्या प्रकरणात हे आहे ते दाखवा.

समांतर
ड्यूईंच्या पुस्तकात हे नाही. मिसळण्याची वाट बंद असलेल्या गटाने आधी काय करावे, याला तिथे उत्तर नाही. ते बाबासाहेबांचे.

आडवाट
खंड १ काढतो. निवेदनातला मताधिकाराचा आणि स्वतंत्र मतदारसंघांचा भाग पुणे करारातल्या राखीव जागांशेजारी ठेवून बघायचा आहे. १९३२च्या जातीय निवाड्यात ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ, करारात १४८ जागा आणि संयुक्त मतदारसंघ. कुणाला त्यावर लिहायचे असेल तर इथेच लिहा, नवा धागा नको.